ढवळ्याचं भेव

सत्यभामाबाईंना रोगी मिळाला त्या दिवशी त्या दोनदा जेवल्या. एकदा भुकेनं, आणि दुसऱ्यांदा आनंदाच्या भरात आपण जेवलो आहोत हे विसरून.

आनंद व्हायला कारण होतं. नागपूरच्या मोठ्या मनोरुग्णालयात बावीस वर्षं नर्स म्हणून नोकरी करून त्या बेलखेडला, धाकट्या भावाकडे, हिंमतरावांकडे राहायला आल्या होत्या. महाराष्ट्र राज्य होऊन चार वर्षं झाली होती आणि बेलखेडला येऊन त्यांना आठ महिने. या आठ महिन्यांत गावानं त्यांना मान दिला, पण जरा लांबूनच. 'वेड्याच्या दवाखान्यातून आल्या' एवढंच लोकांना ठाऊक होतं; कोणत्या बाजूनं आल्या, याची खात्री करून घ्यायला कोणी पुढे येत नव्हतं. गावात रोगी नव्हते असं नाही. ग्रामपंचायतीची एक बैठक ऐकली की बाईंचे हात शिवशिवत. पण स्वतःहून कोणी इलाजाला येईना.

आणि मग झुंबरबाई आली. पदराचं टोक दातात धरून ओसरीवर बसली आणि म्हणाली, "सिस्टरबाई, कोकिळेच्या बाबाले तुमी पाह्यता काय? ते फाटक वलांडत नाहीत."

बेलखेडपासून नांदुरा दीड कोस. मध्ये रेल्वेचे रूळ आणि त्यावर फाटक. कोकिळेचे बाबा म्हणजे झुंबरबाईचे यजमान, किसनराव. गावात भाजीपाला पिकवणारा त्यांच्या तोडीचा माणूस नव्हता. दोन वर्षांपूर्वी वांग्यांनी भरलेली बंडी घेऊन ते बाजाराला निघाले होते. फाटकात रूळ आणि फळी यांच्या मधात चाक फसलं. लांबून मेल येताना दिसली. बंडीचा भुगा झाला. पण किसनरावांनी त्या तेवढ्या वेळात ढवळ्या आणि पवळ्या, दोन्ही बैल जुवातून सोडवून वाचवले. अशी हकीकत साऱ्या तालुक्याला पाठ होती. गावानं त्यांना हार घातला. त्या साली पोळ्याला पाटलाच्या बैलांच्या आधी ढवळ्या-पवळ्याला तोरणाखाली उभं केलं. एवढा मान मिळाला आणि किसनराव अपघाताच्या दिवसापासून फाटकाकडे फिरकले नाहीत. भाजी चुलतभावाच्या हाती जाऊ लागली. पोळ्याच्या दिवशी त्यांना न चुकता ताप भरू लागला.

"लागलं होतं काय कुठं?" बाईंनी विचारलं.

"खरचटलं बी नाही. मनूनच त लोक हासतात. मनतात, मेलं कोणी नाही, मंग काऊन बसला हा घरात? पाय तुटला असता त इज्जत राह्यली असती."

यात खोटं काहीच नव्हतं. मोडलेला पाय दाखवता येतो.

"अन् आता घाई कायची आहे?"

घाई अशी की वैशाखात कोकिळेचं लग्न होतं. नवरदेव नांदुऱ्याचा, रुळापलीकडचा. त्याचा आजा खाटेला खिळलेला. त्याला डोळ्यांदेखत नातवाचं लग्न पाहायचं होतं, म्हणून मांडव त्यांच्याच दारी ठरला होता. "बापाबिगर कन्यादान कोण करन, बाई?" झुंबरबाई म्हणाली. "पोरगी मनते, बाबा नाही आले त मी बी रूळ वलांडत नाही. दोघंही एकाच मातीचे."

तीन महिने होते. बाईंनी तिथल्या तिथे रोगी पत्करला आणि आत जाऊन दुसऱ्यांदा जेवल्या.

किसनराव दुसऱ्याच दिवशी हजर झाले. उंच, हसतमुख, डोक्याला पांढरं पागोटं. बाईंनी नोकरीत अंगावर धावून येणारे रोगी पाहिले होते, वर्षानुवर्षं न बोलणारे पाहिले होते, स्वतःला कलेक्टर समजणारे तर चार. पण 'हाव' म्हणणारा रोगी त्यांनी पाहिला नव्हता.

"किसनराव, त्या दिवशीची गोष्ट मनात घर करून बसली आहे."

"हाव."

"ती काढाव लागते."

"हाव, काढाव त लागतेच."

"मंग सांगा, काय झालं होतं?"

"हाव, सांगतो न," असं म्हणून किसनराव उठले आणि बाहेर ठेवलेलं टोपलं आत घेऊन आले. "हे वांगे पाहा पयले. भरीताचे आहेत."

पुढचा एक तास वांग्यांवर गेला. वांग्याला कीड का लागते, राख कधी टाकावी, बी कोणत्या फळाचं धरावं. बाई फार शिकल्या. फक्त रोगाबद्दल काही शिकल्या नाहीत.

मग हा नेमच झाला. बाईंनी फाटकाचं नाव काढलं की टोपलं येई. नुसतं 'नांदुरा' म्हटलं तर पावशेर मिरच्या. 'मेल' म्हटलं तर भेंडी. एकदा बाईंनी धीर करून थेट विचारलं, "गाडी पाहून तुमी काय केलं?" तर संध्याकाळी अर्धी बंडी कोहळे येऊन पडले. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. हिंमतराव सकाळ-संध्याकाळ भाजी खाऊन वैतागले होते.

"बाई," ते बहिणीला म्हणाले, "त्याले बरं कर नाहीतर असाच राहू दे. पण त्याले सवाल विचारू नको. आता कोहळा पाह्यला का मले चक्कर येते."

"कोहळे नाहीत ते, हिंमत," बाई उल्हासानं म्हणाल्या. "तो त्याचा नकार आहे. जेवढा मोठा कोहळा, तेवढं आपण जवळ आलो."

"मंग आपण लय जवळ आलो," हिंमतराव म्हणाले आणि उपाशीच शेतावर गेले.

बाईंनी आणखी उपाय केले. सहज फिरायला म्हणून किसनरावांना नांदुऱ्याच्या वाटेला लावलं, तर त्यांना वाटेत दुसऱ्याच्या शेताचा बांध फुटलेला दिसला आणि तो धरायला ते थांबले. दुसऱ्या खेपेला डोणगावचा एक मावसा अत्यवस्थ झाला. डोणगाव अर्थातच उलट्या दिशेला. मावसा बरा झाला, मग पुन्हा आजारी पडला. दीड महिन्यात तो तीनदा मरता मरता वाचला. झुंबरबाईनं चौकशी केली तेव्हा कळलं की डोणगावात आपला मावसाच नाही.

लग्नाला सहा आठवडे उरले तेव्हा बाई पहिल्यांदा चिडल्या. "किसनराव, तुमाले बरं व्हायचं आहे का नाही?"

"हाव. पण मले झालं काय?" किसनराव शांतपणे म्हणाले. "मी त आत्ता जातो. भेव मले नाही, सिस्टरबाई. भेव ढवळ्याले आहे. तो रुळापाशी जात नाही. बैल अडला का माणसानं काय कराव?"

आता, ढवळ्या दर मंगळवारी चुलतभावाच्या बंडीला जुंपून फाटक ओलांडून नांदुऱ्याला जात होता आणि पलीकडच्या बाजूला पेंड खाऊन परत येत होता. हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. बाईंनी ते सांगायला तोंड उघडलं. आणि मिटलं.

त्यांना दवाखान्यातले मोठे डॉक्टर आठवले. ते म्हणायचे, रोग्याच्या 'नाही'वर चढून बसू नका. त्याच्या 'नाही'च्या शेजारी सतरंजी टाकून बसा. बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला, आनंदाचा. दीड महिना त्या सतरंजी घेऊन भलत्याच माणसाच्या शेजारी बसल्या होत्या.

"मंग आपण ढवळ्याचा इलाज करू," त्या म्हणाल्या.

किसनरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. 'हाव' ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. "ढवळ्याचा?"

"त्याचाच. मले बैलाची भाषा येत नाही. तुमाले येते. त्याले काय होते ते तुमी सांगत जा."

किसनरावांनी टोपल्याकडे पाहिलं. नकार द्यायला जागा सापडेना. टोपलंही रिकामं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरबाई बैलाच्या मनाचा इलाज करणार ही बातमी गावभर पसरली, आणि पाणी भरायच्या वेळेला विहिरीवर कोणी उरलं नाही. नांदुऱ्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी माणसं. कोणी म्हणे बैलाला सुई टोचणार. कोणी म्हणे नाही, त्याला झोपवून प्रश्न विचारणार. एक म्हातारा आपली मारकी म्हैस घेऊन आला होता. जमलं तर तिचाही नंबर लावायचा होता. बाई पांढरं पातळ नेसून, पदर खोचून निघाल्या. एवढा उत्साह त्यांना नोकरीच्या पहिल्या दिवशीही नव्हता.

गावाबाहेरच्या बाभळीपाशी ढवळ्याला थांबवलं. ढवळ्या रवंथ करत होता.

"कसं वाटते त्याले?" बाईंनी विचारलं.

किसनरावांनी बैलाकडे न पाहता सांगितलं, "बरं वाटते. अजून लांब आहे न."

"मंग आज बस झालं. वापस."

गर्दी हिरमुसली. म्हशीचा मालक म्हणाला, "एवढंच? एवढं त मी बी केलं असतं." पण किसनराव बाईंकडे टक लावून पाहत होते. पुढे ओढलं नाही असं हे पहिलंच माणूस होतं.

मग रोज थोडं थोडं. बाभळीपासून ओढ्यावरच्या मोरीपर्यंत. मोरीपासून मळ्याच्या वळणापर्यंत. ढवळ्या 'पुरे' म्हणाला की बाई त्या पावलावर थांबत, आणि एकदा तर त्याला आणखी जायचं असतानाही त्यांनीच मागे वळवला. किसनराव सांगत गेले. ढवळ्याच्या पायाला मुंग्या येतात. ढवळ्याच्या छातीत पाखरू फडफडते. ढवळ्याले रात्री झोप नाही, डोळे मिटले का फळीचा आवाज येते. बाई मान डोलावत. "असं होते बैलाईले," म्हणत. "लय शाण्या बैलाईले होते." गावकरी सुरुवातीला तोंडावर हात धरून हसले, पंधरा दिवसांनी कोणी हसेना. उलट सकाळी लोक विचारू लागले, "कारे भौ, आज ढवळ्या कुठवर जाईन?"

ज्या दिवशी वळणावरून गाडीची शिटी ऐकू आली त्या दिवशी ढवळ्या शेपटीनं माशा वारत उभा राहिला, आणि किसनराव मटकन धुळीत बसले.

"ढवळ्या खाली बसला, बाई," ते म्हणाले.

बाईंनी उभ्या ढवळ्याकडे पाहिलं. "बसू द्या. घाई नाही त्याले." आणि त्याही शेजारी धुळीत बसल्या. गाडी गेली. किसनरावांनी घाम पुसला. थोड्या वेळानं म्हणाले, "उठला."

फाटकापासून दोनशे पावलांवर मात्र इलाज अडला. तिथून गेटमनची खोली दिसायची, दारापुढं तुळस, दोरीवर वाळत घातलेले कपडे. तिथे आलं की ढवळ्याचा दगड व्हायचा. आठ दिवस गेले, एक पाऊल पुढे नाही.

"काय दिसते त्याले तिथून?" बाईंनी विचारलं.

"खोली दिसते."

"अन् गाडी?"

"गाडीचं काय, येते अन् जाते."

हे वाक्य बाईंच्या कानावरून गेलं आणि त्यांनी ते जाऊ दिलं. शिटीच्या विजयानंतर त्या जरा हवेतच होत्या.

लग्नाचा दिवस उजाडला. सात बंड्या, पुढे वाजंत्री, मुहूर्त दुपारी साडेबाराचा. पहिली किसनरावांची नवी बंडी, ढवळ्या-पवळ्याची, शिंगांना गोंडे लावलेले. कासरा किसनरावांच्या हातात, शेजारी सत्यभामाबाई, मागे नवरी आणि झुंबरबाई. बाभूळ गेली, मोरी गेली, वळण गेलं. वऱ्हाडातले लोक हळू आवाजात बोलत होते. वाजंत्र्यांनाही जपून वाजवायला सांगितलं होतं. फाटक बंद होतं. आणि दोनशे पावलांवर बंडी थांबली.

मागून कोणी ओरडलं, "अबे, साडेअकरा वाजून राह्यले." बाईंनी मागे न पाहता हात वर केला. आवाज थांबला.

"काय मनते ढवळ्या?" त्यांनी हळू विचारलं.

किसनराव बाईंच्या कानाशी वाकले. "ढवळ्या मनते का..." ते थांबले. "त्या दिवशी ढवळ्या पळाला, बाई."

"कुठं?"

"चाक फसलं. गाडी दिसली. ढवळ्यानं बंडीवरून उडी मारली अन् तो बोरीच्या झाडापर्यंत पळत गेला. मागं पाह्यलं नाही. बैल तसेच जुवाले होते."

बैल बैलांना जुवाला सोडून पळाला. बावीस वर्षांच्या अनुभवानं बाईंनी यातली चूक दुरुस्त केली नाही.  तीन महिने त्या रेल्वेगाडीवर इलाज करत होत्या, आणि रेल्वेगाडीला काही झालंच नव्हतं.

"मंग बैल सोडले कोणं?"

"पंजाबरावानं. गेटमननं. त्याच्याबिगर तिथं होतंच कोण? त्यानं सारं पाह्यलं. अन् लोकाईनं हार घातला मले... म्हणजे ढवळ्याले." किसनरावांनी गेटमनच्या खोलीकडे पाहिलं. "कोणत्या तोंडानं जाईन तो त्याच्यापुढं? त्यानं एक शब्द काढला त पोरीच्या वऱ्हाडासमोर..."

पुढचं राहिलं, कारण पंजाबराव गेटमन स्वतःच फाटकाकडून झपाझप येत होता. काळा, ठेंगणा, हातात गुंडाळलेली झेंडी. त्यानं लांबूनच दोन्ही हात जोडले.

"किसनराव, दोन साल झाले बाप्पा. पोरीच्या लग्नाले तरी दिसले."

किसनरावांनी मान खाली घालून कासरा हाताभोवती गुंडाळला. पंजाबराव मागच्या वऱ्हाडाकडे वळला. त्याला बोलायला माणसं कमी मिळायची. आज सात बंड्या होत्या.

"तुमाले सांगतो, असा मर्द मी नोकरीत पाह्यला नाही. मी त चाक फसलेलं पाह्यलं अन् लाल झेंडी घेऊन गाडीच्या अंगानं पळालो. मागं वळून पाहाले फुरसत कोणाले? वापस येऊन पाह्यतो त बंडीचा चुरा, वांगेच वांगे, अन् दोन्ही बैल लिंबाखाली उभे. मरणाच्या दाढेतून बैल सोडले ह्या माणसानं. मी येणाऱ्या-जाणाऱ्या हरेकाले सांगतो."

तर हकीकत इथून निघाली होती. दोन वर्षं तालुक्याला ती याच माणसानं पुरवली होती, आणि त्यानं काहीच पाहिलं नव्हतं.

बाईंना सगळं एकदम दिसलं. किसनराव सुटले होते. ज्याची धास्ती होती तोच भाट निघाला. आता नुसतं 'हाव' म्हणायचं, कासरा हलवायचा, फाटक उघडणार, लग्न लागणार. जगात कोणालाही कळणार नव्हतं. एक सत्यभामाबाई, आणि त्यांच्याही कानावर आली ती बैलाची गोष्ट. बाईंनी बंडीची फळी घट्ट धरली. काही बोलायचं नाही, हे त्यांना माहीत होतं. एवढं कठीण काम त्यांनी नोकरीत केलं नव्हतं.

तेवढ्यात मेल आली. धडधडत, धूर सोडत, फळ्या हादरवत गेली. ढवळ्याच्या शिंगाचा गोंडा हलला. किसनरावांनी गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. ते पंजाबरावाकडे पाहत होते.

गाडीचा आवाज ओसरला तेव्हा ते म्हणाले, "पंजाबराव, मी नाही सोडले. मी पळालो होतो."

ढवळ्याचं नाव त्यांनी घेतलं नाही.

 कोकिळेनं मुंडावळ्या बाजूला सारून बापाकडे पाहिलं. पंजाबरावानं डोकं खाजवलं.

"पळाले?"

"हाव. बोरीपर्यंत. बैल तसेच टाकून."

पंजाबरावानं विचार केला. "बरं केलं. थांबले असते त आज कन्यादान कोणं केलं असतं?" मग त्याच्या कपाळाला आठी पडली. "पण मंग बैल सोडले कोणं? मी त नाही."

साऱ्या वऱ्हाडानं ढवळ्याकडे पाहिलं, मग पवळ्याकडे. दोघांनीही काही सांगितलं नाही. आणि मागून झुंबरबाईचा आवाज आला, अगदी साधा.

"जोते तुटले असतील. कुजले होते दोन्ही. मी यायले महिनाभर सांगून राह्यली होती, बैलाच्या गळ्यातले जोते बदलून घ्या, बदलून घ्या. यायनं ऐकलं असतं त बैल गेलेच होते."

प्रथम कोकिळा हसली. मग किसनराव हसले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते त्यांनी पुसलंही नाही. पंजाबराव फाटक उघडायला धावला. वाजंत्र्यांनी कोणी न सांगता सुरुवात केली. चाकं फळ्यांवर चढली, खडाड् खडाड् वाजली, आणि बंडी रुळापलीकडे उतरली. किसनरावांनी मागे वळून एकदा रूळ पाहून घेतले.

साडेबाराला पाच मिनिटं कमी असताना वऱ्हाड मांडवात शिरलं. अंतरपाट धरला गेला. भटजींनी अक्षता वाटल्या. नवरदेव पाटावर उभा, नवरी पाटावर उभी, आणि नवरीचा बाप कुठे दिसेना. शोधाशोध झाली. तो मांडवाच्या कडेला नवरदेवाच्या आज्याच्या खाटेवर बसलेला सापडला. आजा कानानं जड होता, म्हणून पळण्याची हकीकत मोठ्या आवाजात चालली होती. भोवती विहीणबाई, आचारी, दोन वाजंत्रीवाले आणि म्हशीचा मालक.

"किसनराव, मुहूर्त टळून राह्यला," भटजी म्हणाले. "बाकीचं जेवताना सांगा."

"एक मिनिट, महाराज," किसनराव म्हणाले. "गाडी सिग्नलपाशी आली आहे अन् मी अजून बंडीवरच आहो."

आज्यानं त्यांचा हात घट्ट धरला होता. "मंग?" तो म्हणाला.

सत्यभामाबाईंनी भटजींना हातानं थांबायची खूण केली आणि नीट ऐकू यावं म्हणून जरा पुढे सरकल्या.